ज्यांना गाठ मिळाली नाही त्यांचे लाड

उंदरांच्या खोलीत शिरता शिरताच मावशी ओरडायची, "उठा रे लबाडांनो, सूर्य डोक्यावर आला!" त्या खोलीला खिडकीच नव्हती, सूर्य कुठला येतोय! पण पांढरे उंदीर खरंच लगेच झाकणाच्या जाळीला नाकं लावून उभे राहायचे.

मावशी त्या प्रयोगशाळेत प्राणी सांभाळायची. भुसा बदलायचा, बाटल्या घासायच्या, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

सध्या खोलीत डॉक्टरीणबाईंचे उंदीर होते. डॉक्टरीणबाई म्हणजे नुकतीच शिकून बाहेर पडलेली काडीसारखी पोरगी, पण हात असा की केसालाही टाका घालेल. तिने प्रत्येक उंदराच्या एका जांघेतल्या लिम्फच्या, म्हणजे अंगातलं पाणी गाळून पुढे सोडणाऱ्या, गाठी काढल्या होत्या. पाण्याचा निचरा थांबला आणि पाय टम्म सुजले. मग अर्ध्यांना दुसऱ्या जागची गाठ, रक्तवाहिनीसकट, तिथे आणून बसवली. उरलेल्यांना नुसते टाके. आता सूज कोणाची उतरते ते बघायचं.

मावशीला हे दुखणं कोणी समजावायची गरजच नव्हती. घरात नणंद होती ना! कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये तिच्या काखेतल्या गाठी काढलेल्या, हात भोपळ्यासारखा. फिजिओथेरपीवाल्या बाईने दाखवलं तसं मावशी रोज तो हात हलकेच खांद्याकडे चोळून द्यायची, आणि नणंद रोज नावं ठेवायची. "वहिनी, हात चोळतेस की पीठ मळतेस?"

आणि एक दिवस घोळ झाला. मोजमाप झालं तर सगळ्यांचीच सूज उतरलेली! प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणाले, "गाठ बसवलेले आणि न बसवलेले सारखेच. मग तुझ्या ऑपरेशनचा उपयोग काय? बंद कर हे." डॉक्टरीणबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते तिचे.

बाटल्यांचा ट्रे घेऊन मावशी दारातच उभी होती. सगळ्यांचीच सूज का उतरली ते तिला माहीत होतं. ज्यांना गाठ मिळाली त्यांचं झकास चाललंय, मग या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय, म्हणून ती रोज त्यांना मांडीवर घेऊन पाय चोळत होती! बोललं तर नोकरी जाणार, गप्प बसलं तर या पोरीची सगळी मेहनत पाण्यात. इकडे आड, तिकडे विहीर. मावशीने ट्रे खाली ठेवला.

"सर, पाय मी चोळत होते."

"कोणाचे?"

"ज्यांना बाईंनी काही दिलं नाही त्यांचे."

डॉक्टरीणबाई गर्रकन वळली. "रोज?"

"सुट्टीच्या दिवशी नाही. त्या दिवशी जिवाला फार लागायचं."

"मावशी! मी रडून रडून अर्धी झाले!" ती किंचाळली, आणि नाक पुसता पुसता एकदम खो खो हसायलाच लागली.

सर मात्र हसले नाहीत. "मावशींना दुसऱ्या कामावर हलवा."

"नको ना सर! त्या बोलल्या नसत्या तर मी सगळं सोडून घरी गेले असते. आणि उंदीर त्यांच्याच हातात शांत राहतात. फक्त मावशी, पायाला हात नाही. शपथ घ्या."

मावशीने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. घरी हे कळल्यावर नणंदेने कपाळावर हात मारला. "तरीच! माझ्या वेळेला तुझे हात थकलेले असायचे. उंदरांनी माझी मालिश पळवली गं!"

नवे उंदीर आले, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मावशी भुसा बदलायची आणि लगेच हात पाठीमागे. "माझ्याकडे बघू नका रे असं. शपथ आहे." सुजलेले पाय बघून तिला रडू यायचं, मग बाटल्याच जोरजोरात घासायची.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईने पट्टी दोनदा लावली, तिसऱ्यांदा लावली. गाठ बसवलेले पाय सडपातळ, बाकीचे अजून फुगलेले. "उतरलीय! मावशी, यांचीच उतरलीय!" म्हणत तिने मावशीला मिठी मारली आणि सरांना सांगायला धावली.

"अहो बाई, मोजणी संपली ना?" मावशी मागून ओरडली.

"संपली!"

"मग आता चोळू?"

"चोळा!"

मावशी तोवर स्टूल ओढून बसलीसुद्धा होती, सर्वात फुगलेल्या पायाचा गडी मांडीवर घेऊन.