एका क्लिकला दोन फुलं

बल्गेरियातल्या गाब्रोव्होच्या रुम्यानाने एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बंद पडलेली लिफ्ट नुसती चालू करून ती कधी निघून आली नाही. का बंद पडली हे कळेपर्यंत तिचा पाय तिथून हलत नसे.

निवृत्त झाल्यावर तिने ठोकळ्यांची घरं बांधायच्या व्हिडिओ गेममध्ये आईचं गाव उभं केलं. खरं गाव केव्हाच धरणाखाली गेलेलं. रविवारी, सतरा तारखेला, आईला, म्हणजे स्तान्काबाईंना, ब्याऐंशी पुरी होणार होती. परदेशी पांगलेल्या चौघा भावंडांनी त्या दिवशी गेममध्ये येऊन आईच्या उंबऱ्यावर एकेक फूल ठेवायचं ठरलं. गेममध्ये तशी सोय नव्हती, म्हणून रुम्यानाने स्वतःच प्रोग्राम लिहिला. उंबऱ्यावर क्लिक केलं की फूल उमटायचं.

बुधवारी धाकट्या नेवेनाने स्पेनहून क्लिक करून पाहिलं. फुलं उमटली दोन.

"ताई, दोन, चार अशी जोडीची फुलं मढ्याला वाहतात. आई नुकती इस्पितळातून घरी आलीय, आणि तू तिला पोचवायलाच निघालीस?"

रुम्यानाला हसू आलं नाही. आईने हे पाहिलं, तर ती दुसऱ्याच दिवशी मरणासाठी शिवून ठेवलेला पोशाख कपाटातून बाहेर काढील, हे दोघींना ठाऊक होतं.

मागाहून एक फूल पुसून टाक, असं नेवेनाने सुचवलं. रुम्याना म्हणाली, दोनदा उघडणाऱ्या दाराला पाचर मारून मी आजवर आले नाही.

आधी तिला वाटलं, आपण आपला प्रोग्राम गेमला चुकून दोनदा जोडला असणार. तिने ओळ न् ओळ तपासली. जोडणी एकदाच केलेली होती. गुरुवार त्यातच गेला. शुक्रवारी सकाळी तिने नवी युक्ती केली. गेमकडून क्लिकची वर्दी आली की त्या वर्दीत जे जे असेल ते सगळं लिहून ठेवायला तिने प्रोग्रामला सांगितलं, आणि एकदाच क्लिक केलं. दोन ओळी आल्या. क्षण तोच, जागा तीच, नाव तेच. फक्त शेवटी एकीत उजवा हात होता, दुसरीत डावा. गेममधल्या माणसाचा डावा हात रिकामा असला तरी गेम त्याचीही वेगळी वर्दी देत होता.

डाव्या हाताची वर्दी आली तर काहीच करायचं नाही, एवढं तिने प्रोग्राममध्ये घातलं. मग वीस वेळा क्लिक केलं आणि वीस फुलं मोजून घेतली.

रविवारी चीज भरून भाजलेला बनित्सा खाऊन झाल्यावर आई चष्मा लावून पडद्यासमोर बसली. चौघं एकेक करून आले. प्रत्येकाचं एकच फूल उमटलं. आई बोटाने मोजत होती. चौथ्या फुलावर तिचं बोट थबकलं.

रुम्यानाचे कान तापले. तीन दिवस तिने क्लिक मोजले होते, माणसं मोजलीच नव्हती. दुरुस्ती करणारी म्हणून स्वतःला तर तिने धरलंच नव्हतं.

आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आणि थोरली कुठंय? लिफ्टमध्ये अडकली का?"

रुम्यानाने माउस ओढून घेतला आणि एकदाच क्लिक केलं. आईचं बोट पाचव्या फुलावर गेलं, आणि मग तिने बनित्साचा आणखी एक तुकडा मागितला.