उस्तादजींचं गजराचं घड्याळ

उस्तादजींच्या घरात एकही घड्याळ जागेवर राहत नसे. चंदीगडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ते मिस्त्री होते आणि मी सांगलीहून आलेला नवा इंजिनियर. डिग्री माझी, डोकं त्यांचं. घरची घड्याळं खोलून त्यांची चाकं ते कुठल्या ना कुठल्या यंत्रात बसवायचे. "मशीन को अकल दो, बंदे को छुट्टी," हे त्यांचं पालुपद.

पंजाबातले ते दिवस दहशतवादाचे होते. अंधार पडला की रस्त्यावर चिटपाखरू नसे. पण ट्रॅक्टरचे सुटे भाग भट्टीत तापायला ठेवले, की ती वेळेवर बंद करायला एकाला मागे थांबावंच लागे. त्याची पाचची शेवटची बस चुकायची आणि घरचे जीव मुठीत धरून बसायचे.

उस्तादजींनी बायकोचं गजराचं घड्याळ उचलून आणलं. गजर झाला की मागची किल्ली फिरायची, तिला बांधलेला दोरा गुंडाळला जायचा आणि भट्टीचं बटण खाली ओढलं जायचं. बस्स, एवढंच! पुढे मी महागडी कंट्रोल पॅनेलं पुष्कळ पाहिली, पण अजून तो दोराच आठवतो.

नवं काही बसवलं की पहिले आठ दिवस स्वतः पहारा करायचा, ही त्यांची खोड. "नई बहू है, मराठे. अकेली कैसे छोड़ूँ?" सहा दिवस ते तिथेच झोपले. सातव्या दिवशी मी वैतागलो. म्हटलं, तुमचाच भरवसा नाही, तर आम्ही कसा ठेवायचा? जा बघू घरी! ते हसले. "चल, आज तेरी मान ली," म्हणाले आणि पाचच्या बसने गेले.

बस वाटेत अडवली. गोळ्या चालल्या. उस्तादजी गेले.

सकाळी मी भट्टी पाहिली. बरोबर वेळेवर बंद झाली होती. मला रडू आलं नाही. घड्याळाला किल्ली दिली आणि कामाला लागलो. त्यांना मीच पाठवलं, हे कळत होतं, पण भुलीची सुई दिलेल्या दाढेसारखं काही दुखत नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्यांची बायको आली. मी घड्याळ सोडवून तिच्या हातात ठेवलं. तिने ते कानाला लावलं.

"चलती है?"

"हो जी. रोज."

तिने ते परत माझ्या हातात दिलं. "तो लगी रहने दो. किसी ने घर जाना होगा."