विमलताईचं एफ थ्री

मी देवसिंग, मापारी. ढाणकीच्या कापूस खरेदी केंद्रावर काट्यापाशी उभं राहून माही जिनगानी गेली. क्विंटल-किलो सोडून मले काही समजत नाही, अन समजून घ्याची हौसही नाही. पण विमलताईनं जे करून दाखवलं ना बापा, ते मी ह्या डोळ्यानं पाह्यलं. तवापासून संगणकाच्या बटनाकडं पाह्यलं का मले भेवच वाटते. देवळात वाटते तसं चांगलं भेव.

विमलताई बोरी अरबची, बौद्धाच्या घरची. दहावी झाली अन जिनात कामाले लागली. तिथं सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या मशीननं तिचा उजवा हात मनगटापासून नेला. दुसरी असती तर जन्मभर नशिबाले बोल लावत बसली असती. हे बाई डाव्या हातानं लिहाले शिकली, टायपिंग शिकली, अन आमच्या केंद्रावर पर्च्या लिहाले आली. अक्षर कसं, मोत्यावानी!

मंग संगणक आला. ते वर्षं लय वाईट होते. कापसाले कोणी पुसत नव्हतं, आमच्या फाटकापासून पार नाल्यापर्यंत बैलगाड्याईची रांग. ज्याचा माल नापास झाला त्याले खासगी व्यापाऱ्याच्या दारात जा लागे, अन तो म्हणीन तोच भाव. पर्ची लवकर निघावी म्हणून युनिक्सचं यंत्र बसवलं. पण पर्ची पास कराची तर पार उजवीकडं जाऊन शिफ्ट अन एफ टेन अशी दोन बटनं संगं दाबा लागत. दोन हातवाल्याले खेळ. ताई डाव्या हाताची बोटं ताणे, तर एक बटन सुटे, पुन्हा पहिल्यापासून. तोवर बाहेर गाडीवाले बोंबलत.

मॅनेजर साहेब म्हणे, "ताई, नव्या काट्याच्या पूजनापर्यंत जमलं तर ठीक. नाही तर खुर्चीवर दुसरं कोणी पाहा लागन." काय गोड आवाज! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

यंत्र पाहाले नागपूरहून संघदीप नावाचा इंजिनेर आला. ताईची अडचण ऐकून हासला. "ताई, बटनावर छापलं ते निस्तं नाव हाय. कोणत्या बटनानं काय कराचं, ते आपण सांगाचं."

मले काही पटलं नाही. "म्हंजे एफ थ्रीले एफ टेनचं काम सांगतलं तर ते करन?"

"हाओ काका."

"अन कुरकुर नाही करत?"

"मुकाट्यानं करते."

अरे बापा! आमच्या केंद्रावर हमालाले ह्या गंजीवरून त्या गंजीवर जा म्हणलं तर तो दोन शिव्या देऊन जाते, अन हे यंत्र मुकाट्यानं ऐकते!

ताईनं त्याले हात लावू देल्ला नाही. "तुम्ही बोला, मीच लिहीन." पर्ची पास कराचं काम तिनं एफ थ्रीवर आणलं, डाव्या हाताखाली. पहिले तिथं नापासचं बटन होतं. ते तिनं उजव्या टोकाले धाडलं. म्हणे, "कोणाले नापास कराचं तर माणसाले जरा लांब जा लागलं पाहिजे." मी तोंडात बोट घालून उभा. मंग पर्च्या अशा निघाले लागल्या, का मलेच काट्यावर पळापळ होऊ लागली. जाताना संघदीप सांगून गेला, का यंत्र बंद केलं तर हे सारं विसरन, कायमचं कराचं राह्यलं हाय, पुढच्या खेपेले करतो.

काटापूजनाचा दिवस आला. नव्या काट्यावरची पहिली गाडी विठ्ठलरावची, म्हणून त्याले फेटा अन नारळाचा मान. मोठमोठे पाहुणे आले. काट्याले हार घातला, अन साहेबाच्या मनात आलं, यंत्रालेही कुंकू लावाव. आता अवजार पूजाचं तर ते थांबवून. चालत्या नांगराले कोणी कुंकू लावते का? साहेबानं भक्तिभावानं यंत्र बंद केलं, फूल वाह्यलं, पुन्हा चालू केलं. ताई पूजेत नसे, तिच्या घरी ते चालत नाही. ते बाहेर लिंबाखाली चहा पीत होती. तिले ह्याचा पत्ताच नाही.

विठ्ठलरावची गाडी मोजली. माल कसा, पांढराशुभ्र! ताई येऊन बसली, वजन टाकलं, एफ थ्री दाबलं. पर्ची निघाली. विठ्ठलरावनं वाचली अन त्याचं तोंडच उतरलं.

"साहेब, मी काहून नापास?"

घ्या! पहिल्याच घासाले खडा. मुहूर्ताची गाडी, अन नापास! रांगेतले ओरडाले लागले, पाहुणे एकमेकाकडं पाहाले लागले. साहेब लालबुंद. "म्हणलं होतं ना मी! उठा ताई, खुर्ची सोडा."

ताई उठली नाही. तिनं बटनावर सांडलेलं कुंकू पाह्यलं. "साहेब, यंत्र बंद केलतं का?"

"पूजेपुरतं."

"मंग ते विसरलं. थांबा, मी पुन्हा सांगतो त्याले."

अन राजेहो, एवढा गोंधळ डोक्यावर असताना ते बाई काळ्या पडद्यावर आठवणीनं एकेक ओळ लिहाले लागली. एका जागी अडली. ओठ हालले, ओळ पुसली, पुन्हा लिहिली. हे चुकलं तर आज खुर्ची गेली, मंग एका हाताच्या बाईले ढाणकीत कोण काम देते? ओरडणारे जवळ येऊन पडद्याकडं पाहाले लागले. निस्ता बटनाचा आवाज. ते लोखंडी डबडं अन त्यातलं कोणाले न दिसणारं मन, अन हे बाई त्याले समजावून सांगून राह्यली! ये याडी, माय वं, म्हणलं मी मनात, हे काय पाहून राह्यलो!

तिनं वजन पुन्हा टाकलं. एफ थ्री दाबलं.

पास.

विठ्ठलरावनं पर्ची दोनदा वाचली. मंग मानाचा नारळ त्यानं ताईच्या हातात ठेवला. मागं दुसरी गाडी लागलीच होती. ताईनं नारळाकडं पाह्यलं, बटनाकडं पाह्यलं.

"भाऊ, आता हे धरू का बटन दाबू? एकच तं हात हाय मले."

इतक्या वर्षात तिनं त्या हाताचं नाव काढलं नव्हतं, अन आमची तर हिंमतच नव्हती. हासाव का नाही, कोणाले समजेना. मंग ताईच खो खो हासली, अन सारं आवार हासलं. माहे डोळे भरून आले, त्यात लपवाचं काय?

साहेब पुढं आले. तिच्या हातातला नारळ घेतला अन दोन्ही हातानं छातीशी धरून बाजूले उभे राह्यले.

"घ्या ताई," ते म्हणाले, "पुढची गाडी घ्या."