खिडक्या मीच बंद करून घेतल्या

मित्रांनो,

एसीची वीज वाचावी म्हणून गेल्या महिन्यात मी आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसातल्या खिडक्यांमधले जुने कूलर काढून तिथे जाड काचा पक्क्या बसवून घेतल्या.

आज भर दुपारी वीज गेली. थोड्याच वेळात खोली भट्टीसारखी तापली आणि शेजारच्या टेबलावरच्या शोभाबाई कोसळल्या.

"साहेब, खिडकी काऊन उघडत नाई?" शिपाई रामदासभाऊ ओरडले. त्यांनीच स्टूल मारून काच फोडली. "वीज वाचवता वाचवता बाईलेच मारून राह्यले होते तुम्ही!"

बाई आता शुद्धीवर आहेत. पण उद्या आमच्या गडचिरोलीच्या ऑफिसात हेच काम सुरू होणार आहे, माझ्याच सहीने. थांबवायला फोन करतोय, कोणी उचलत नाही.

तुमच्या ऑफिसात हाताने उघडणारी एक तरी खिडकी आहे ना?