शाळेतल्या निंबाचा पेन

दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून टिनाची एक खोली आहे. तिथं लेथवर लाकूड कातून पेन बनतात. बनवते प्रियंका, पण दुकानाच्या बोर्डावर नाव तिच्या नवऱ्याचं, राजदीपचं. गिऱ्हाइकाला वाटतं पेन राजदीपच बनवतो, आणि तोही ती समजूत मोडायला जात नाही. त्याचं बोलणं गोड, ओळखी चिकार. कुठं सत्कार आहे, कुठं कोण रिटायर होतंय, याचा वास त्याला आधी येतो. लग्नानंतर बरीच वर्षं प्रियंकाला हे बरंच वाटत होतं. तिला बोलायचा कंटाळा आणि त्याला भुशाचा.

तिला या कामाच्या वाटेला लावलं ते विमलताईंनी. तिच्या माहेरच्या गावच्या शाळेत त्या तिच्या बाई होत्या. प्रियंकाला आयटीआयला टर्नरच्या, म्हणजे लेथकामाच्या, कोर्सला जायचं होतं तेव्हा तिचे वडील, पंजाबराव, अडून बसले. एवढ्या पोरांत एकटी पोरगी मशीनवर उभी राहणार, हे त्यांना पचेना. बाई शाळा सुटल्यावर थेट घरी आल्या आणि ओट्यावर बसल्या. चहासुद्धा घेतला नाही.

"पंजाबराव, पोरगी हुशार आहे असं तुम्ही चार लोकांत सांगता. मग तिच्या आड तुम्हीच कशाला येता?"

प्रवेश घ्यायला सोबत बाईच गेल्या. पुढं लग्नात प्रियंकानं आईच्या आधी त्यांच्या पायाला हात लावला होता.

त्याच बाई मुख्याध्यापिका होऊन रिटायर होणार होत्या. शाळेच्या मैदानातला कडुनिंब आदल्या उन्हाळ्यात वादळानं आडवा झाला होता. त्याच्या सावलीत बाईंनी किती वर्गांना पाढे शिकवले असतील, कोण जाणे. शिक्षकांनी त्याचं एक ओंडकं राखून ठेवलं होतं. त्याचा पेन बाईंना द्यायचा ठरलं आणि काम साहजिकच राजदीपकडे आलं. प्रियंकानं ओंडकं चिरलं तर आत वाळवीनं भुगा केलेला. जेमतेम एका पेनाचं निब्बर लाकूड हाती लागलं.

तिनं ते जीव लावून केलं. लाकडाला आरपार भोक पाडलं, आत पितळेची नळी चिकटवली, दोन्ही टोकांना बुश म्हणजे लोखंडी कड्या लावून सगळं लेथच्या रॉडवर चढवलं. निंब कातताना उडणारा भुसा घशात कडू लागतो. ती दिवसभर पाणी पीत राहिली. शेवटी चकाकी यावी म्हणून वरून झटकन चिकटणाऱ्या पातळ गोंदाचे हात दिले. तिथं एक थेंब सांध्यात उतरला. मशीन थांबवून तिनं नट काढला तर लाकूड, बुश आणि रॉड एकजीव झालेले.

असं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, फक्त घाई चालत नाही. तिनं ब्लेडनं सांध्यावर गोल खाच पाडली, नेलपॉलिश काढायच्या पाण्याचे थेंब सोडले आणि रॉड फडक्यात गुंडाळून ठेवला. गोंद मऊ झाला की बुश हलक्या हातानं फिरवायचा. लाकडाला पिळा द्यायचा नाही, दिला की फाटतं. राजदीपला तिनं तसं सांगितलं आणि ती स्वयंपाकाला घरी गेली.

जेवण करून परत आली तेव्हा रॉड शिकंज्यात आवळलेला होता आणि राजदीपच्या हातात पान्हा होता. लाकूड उभं फाटलं होतं. आतली नळी पिळवटलेली.

"सायंकाळी कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "तुह्या थेंबाथेंबानं उद्या निघाला असता."

प्रियंकानं दोन्ही फाका जुळवून पाहिल्या. मधली चीप कुठं उडाली ते सापडेना. तोवर राजदीपनं दुसऱ्या ऑर्डरसाठी कातून ठेवलेला सागवानाचा नग घेतला, त्याला गडद पॉलिश फासलं आणि पेनाचे सुटे भाग तिच्यापुढं सरकवले.

"मी नाही लावणार," ती म्हणाली.

"नको लावू. कोणाले समजते?"

त्यानंच शिकंज्यात दाबून भाग बसवले. तिनं नकार दिला तो एवढाच.

कार्यक्रमात राजदीपला शाल मिळाली. याच निंबाखाली आपण शिकलो असतो तर आज कुठच्या कुठं असतो, असं तो माइकवर म्हणाला आणि लोक हसले. बाईंनी डबीतून पेन काढला, बोटांत फिरवला, आणि स्टेजवरून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. प्रियंका वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागली.

महिनाभरानं बाई दुकानात आल्या. राजदीप उमरखेडला गेला होता. पेनाची निब आत जात नाही, पर्स शाईनं खराब झाली, असं त्यांनी सांगितलं. प्रियंकाला हातात घेताच कळलं की रिफिल आत-बाहेर करणारा फिरकीचा भाग प्रमाणाबाहेर आत ठोकला गेला आहे. तिनं रिफिल काढली, निबेच्या बाजूनं बारीक सळई आत घातली आणि लाकडी हातोडीनं टिचक्या मारल्यासारखं ठोकत फिरकी केसभर मागं आणली. रिफिल घालून पाहिली, पुन्हा काढली, पुन्हा ठोकलं. बाई स्टुलावर बसून पाहत होत्या. शेवटी निब आत गेली.

"झाला, बाई."

बाईंनी हात पुढं केला नाही.

"माझे वडील जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर होते," त्या म्हणाल्या. "सागाच्या थप्प्यांवर खेळून मोठी झाले मी. पॉलिश फासलं म्हणून साग ओळखू येत नाही का ग?"

प्रियंकानं सळई खाली ठेवली. तिनं विचारलं, "मंग तुम्ही तवाच काहून नाही बोलल्या?"

"तू बोलशील म्हणून थांबले. स्टेजवर पाहिलं तुझ्याकडं. पुढं महिनाभर वाट पाहिली. दिग्रस ते आमचं घर किती लांब आहे?"

लाकूड फाटलं, कोणी फाडलं, हे सगळं प्रियंकाच्या ओठावर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तरी त्यात तिच्या गप्प बसण्याचं उत्तर नव्हतं, आणि हे तिलाच आधी कळलं. बाई उठल्या. पेन चांगला आहे, कोणाला लागला तर दे, असं म्हणून पायऱ्या उतरल्या. साडीला लागलेला भुसा त्यांनी बाहेर जाऊन झटकला.

राजदीपनं परत आल्यावर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं, मिटलं." दुसऱ्या दिवशी तो पेन त्यानं एका गिऱ्हाइकाला दाखवायलाही काढला. प्रियंकानं तो हातातून घेतला आणि त्या गिऱ्हाइकासमोर त्याला म्हटलं की पेन मी बनवते, कोणता विकायचा ते मीच सांगन. लग्नानंतर पहिल्यांदा ती असं बोलली. राजदीप आठवडाभर तिच्याशी बोलला नाही, नंतर बोलायला लागला. तिला त्याचं ना सुख झालं ना दुःख. जिथं बोलायचं होतं ती वेळ निघून गेली होती.

दिवाळीच्या आधी बसस्टँडवर बाई दिसल्या. पुसदच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसल्या होत्या. प्रियंका लगबगीनं गेली, पाया पडायला वाकली. बाईंनी हात जोडले.

"बऱ्या आहात ना तुम्ही? मिस्टर बरे आहेत? काम चाललंय ना तुमचं?"

आईबापाच्या घरापासून ज्यांनी तिला 'अगं' म्हणून हाक मारली, त्यांचं हे अहो-जाहो ऐकून प्रियंका एक पाऊल मागं सरली. बरी आहे, एवढं ती कसंबसं म्हणाली. गाडी लागली. बाई रांगेतून चढल्या, त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. प्रियंका गाडी सुटेपर्यंत खाली उभी राहिली. बाई शेजारी बसलेल्या कुणाशी तरी बोलायला लागल्या होत्या.