विलायती बाईची खुर्ची

काय सांगू राव, शहाणपणा दाखवायला गेलो आणि काकूचं हसू बंद करून बसलो!

आमच्या गावाला, साखऱ्याला, केबल नवी नवी आली होती, तेव्हाची गोष्ट. काका गेल्यापासून काकू हसलीच नव्हती. मग एका विलायती विनोदी मालिकेनं तिला हसवलं. इंग्रजीचं अक्षर कळायचं नाही. पण त्यातली बाई नवऱ्याला झापून तरातरा जिना चढली, की काकू पदर तोंडाला लावून खुदुखुदु! "बराबर केलं बाई!"

मला रोज वही लिहायची खोड. हिंगोलीच्या वाचनालयात एका मासिकात त्या मालिकेच्या पडद्यामागच्या गमती सापडल्या. डिक्शनरी घेऊन दोन दुपारी बसलो, वहीत उतरवल्या आणि मोठ्या ऐटीत काकूला ऐकवल्या.

"त्या जिन्याच्या वर खोलीच न्हाई, काकू! बाई वर जाऊन नुसती फळीवर उभी राहते."

"किती टाइम?"

"पुन्हा बोलावणं येईस्तोवर."

"आन ती पिती तो चहा?"

"चहा कशाचा? गार, रंगाचं पाणी!"

काकूनं टीव्हीच बंद केला. "इतकी तकलीफ सोसून ती हसवून राहिली, आन मी इथं दात काढत बसले व्हय?"

झालं! आठवडाभर टीव्हीवर टॉवेल आणि काकू पुन्हा गप्प.

शेवटी मी जन्मात न केलेलं काम केलं. वहीत खोटं लिहिलं! 'वर फळीवर बाईसाठी खुर्ची असते. गरम चहा मिळतो. आल्याचा.' आणि गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवलं.

काकू चौथी पास. तिनं वही ओढून घेतली, चष्मा लावला, पानं मागंपुढं केली.

"बापू, तू तर पाऊस किती वाजता थांबला तेबी लिहितो. कोणत्या पुस्तकात वाचलं, कोणत्या पानावर, समदं लिहितो. इथं काहून काहीच न्हाई?"

मी वही परत ओढायला गेलो, तर तिनं सोडलीच नाही.

"आन आलं काय तू नेऊन दिलं व्हय तिला?"

मग काकू अशी हसली, अशी हसली, की शेजारीण धावत बघायला आली!

टीव्ही पुन्हा सुरू झाला. बाई जिना चढली की काकू हळूच म्हणायची, "बस माय, खुर्ची हाय."

वीस वर्षांच्या माझ्या वह्या, ओळ न् ओळ पडताळून लिहिलेली. काकू त्यातलं एकच पान पुन्हा पुन्हा वाचायला लावते. तेवढं एकच खोटं!