ह्वायशानचा हिवाळा

पडदा सरकतो तो चीनमधल्या शाओशिंग गावी, कालव्याकाठच्या युएचनच्या चहाघरात. डावीकडे शेगडी, उजवीकडे भिंत आणि भिंतीवर अजून शरदाचं चित्र. आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. आज तिथं हिवाळा चढायचा, आणि हिवाळा म्हणजे ह्वायशान.

युएचनचा हा नवरा जन्मभर होड्यांच्या धक्क्यावर तिकिटं फाडत बसला. उरल्या वेळात त्यानं डोंगर काढले. विकला एकही नाही. या भिंतीवरच्या चित्रांसाठी तिघा मित्रांनी ऋतू वाटून घेतले होते. थाओचा वसंत, ग्वानचा उन्हाळा, शरद दोघांचा मिळून. पण यंदा ह्वायशानला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला.

“माझा ऋतू ग्वानला देऊन टाका,” तो शेगडीकडे तोंड करून म्हणाला.

“घे बाबा,” थाओ ग्वानला म्हणाला. “तुझा हिवाळा बघून लोक पंखे मागतील.”

ग्वाननं कागद पसरला. “काढतो आम्ही. तू नुसतं सांग. नाव तुझं.”

“जेवणार तुम्ही आणि ढेकर मी देऊ?”

“अहो, रुसायचं तर रुसा,” युएचन म्हणाली, “पण शेगडी अडवू नका. गिऱ्हाइकं कुडकुडतायत.”

थाओनं बोडकी झाडं काढली, ग्वाननं डोंगर. बरं चाललं होतं. पण ग्वान पडला उन्हाळ्याचा माणूस. ओल्या शाईचे ठिपके दिल्याशिवाय डोंगर त्याला नागडा वाटायचा. सवयीनं त्यानं कुंचला भरला आणि कड्यावर नेला.

कागदावर एक तळहात पडला. डावा.

“हात काढ, शाई लागेल,” ग्वान म्हणाला.

“लागू दे. इथं बर्फ आहे.”

बर्फ रंगवायचा नसतोच. तेवढा कागद कोरा राखायचा, भोवतीचं आभाळ आणि पाणी करडं करायचं, की तो पडतो. ह्वायशान तळहात सरकवत गेला, कड्यावर, झोपडीच्या छपरावर, होडीच्या टपावर. आणि त्याच्या बोटांच्या कडेकडेनं ग्वान पातळ शाई फिरवत गेला. दोघांनाही श्वास घ्यायची आठवण राहिली नाही.

थाओला कोरी जागा दिसली की कविता सुचते. त्यानं बाह्या सारल्या.

“तुझ्या कवितेसाठी नाही पडला एवढा बर्फ,” ह्वायशान म्हणाला. “खाली पाण्यात लिही.”

“बुडवतोस होय मला?”

“पोहता येतं तुला.”

चित्र सुकलं. ग्वाननं ह्वायशानच्या नावाचा शिक्का तांबड्या शाईत बुडवून त्याच्यापुढं धरला, आणि या वेळी ह्वायशान वाद घालत बसला नाही. डाव्या हातानं त्यानं तो उमटवला. जरा तिरपा पडला. शरद उतरला, हिवाळा भिंतीवर चढला. ह्वायशान कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला, मग काळ्या झालेल्या बोटांनी डोळे पुसले आणि गालावर मिशी काढून घेतली.

“युएचन,” तो म्हणाला, “दारू गरम कर गं. हे दोघं माझ्यासाठी केव्हाचे बर्फात उभे आहेत.”